मेनिंजिओमा आणि रक्त थांबवण्याची विद्या

मेनिंजिओमाची केस लिस्टवर लागली की आदल्या दुपारीच ब्लड बँकेशी बोलून ठेवायचं, असा आमच्या न्यूरो ओटीचा रिवाज होता. एरवी एक-दोन बाटल्या हाताशी असल्या की भागायचं. मेनिंजिओमाला मात्र चार, कधी सहा सांगून ठेवायच्या आणि नातेवाइकांना रक्तदाते आणायला पळवायचं. नातेवाईक गोंधळून जायचे. "सिस्टर, डॉक्टर तर म्हणाले गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. मग एवढं रक्त कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. ही गाठ मेंदूची नसतेच. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये जी आवरणं असतात त्यांच्यापासून ती उगवते आणि बाहेरच्या जाड पडद्याला, ज्याला आम्ही सगळे ड्युराच म्हणतो, त्याला चिकटून वाढते. वाढते फार सावकाश, वर्षानुवर्षं. मेंदू बिचारा सरकत सरकत तिला जागा करून देतो, पण कवटी तसूभरही हलत नाही. शरीरात दुसरीकडे कुठे एवढी गाठ असती तर माणूस तिच्यासकट म्हातारा झाला असता. डोक्यात ती दृष्टी घेते, पाय लुळा करते, स्वभाव बदलते आणि शेवटी जीव घेते. वर तिचं रक्त येतं ते डोक्याची कातडी, हाड आणि ड्युरा यांतल्या धमन्यांतून. म्हणजे गाठीपर्यंत पोचण्याच्या वाटेवरच रक्तस्राव सुरू होतो. मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात सगळी नोकरी न्यूरो ओटीत काढल्यावर आणि निवृत्तीनंतर या विषयावर मिळेल ते वाचल्यावर माझं ठाम मत झालं आहे: ही गाठ काढायला माणूस शिकला तो चाकू चालवायला शिकला म्हणून नव्हे, रक्त थांबवायला शिकला म्हणून. आमच्या ट्रॉलीवरची निम्मी हत्यारं कापण्यासाठी नसतातच.

गाठीची ओळख मात्र फार जुनी आहे, फक्त ती मेल्यावर व्हायची. बाझलचा वैद्य फेलिक्स प्लॅटर यानं १६१४ साली एका सरदाराची हकिगत छापली. दोनेक वर्षांत हा माणूस हळूहळू भ्रमिष्ट झाला आणि मेला. डोकं उघडलं तर आत मध्यम सफरचंदाएवढी, स्वतःचं आवरण असलेली, मेंदूपासून सुटी गाठ. मेनिंजिओमाचं लेखी वर्णन म्हणून हेच पहिलं मानतात. पॅरिसच्या आंत्वान लुईनं १७७४ मध्ये ड्युरावरच्या अशा गाठींवर एक निबंधच लिहिला. पण जिवंत माणसाच्या बाबतीत करण्यासारखं जवळपास काही नव्हतं. आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी भोजराजाची गोष्ट काढतं. बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त दोन वैद्य मोहचूर्णानं राजाला बेशुद्ध करतात, कवटी उघडून आतला मासा काढतात आणि संजीवनी देऊन त्याला जागं करतात. वॉर्डात एका कीर्तनकारबुवांच्या मुलानं मला ती फार रंगवून सांगितली होती. गोष्ट सुंदर आहे, पण ती इतिहास म्हणून सांगू नये असं मला वाटतं. तिच्यात रक्ताचा थेंबही सांडत नाही.

खरा इतिहास ग्लासगोला सुरू होतो. विल्यम मॅकएवेन हा जोसेफ लिस्टरचा विद्यार्थी. कार्बोलिकनं हात, हत्यारं, जखम सगळं धुणारा. १८७९ च्या जुलैत त्याच्याकडे एक किशोरवयीन मुलगी आली. डाव्या डोळ्याच्या वर सूज, बुद्धी मंदावलेली, आणि झटके येत होते ते चेहऱ्याच्या व हाताच्या उजव्या बाजूला. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून सोळा वर्षं होती. उजवीकडचे झटके म्हणजे दोष डावीकडे, एवढ्या तर्कावर त्यानं कवटी उघडली आणि ड्युरावरची गाठ काढली. मुलगी आणखी आठ वर्षं जगली आणि मूत्रपिंडाच्या आजारानं गेली. गाठ परत आलेली नव्हती. मॅकएवेनबद्दल मला आणखी एका कारणानं आदर आहे. ग्लासगो रॉयल इन्फर्मरीची मेट्रन रेबेका स्ट्राँग हिच्याबरोबर त्यानं १८९३ मध्ये नर्सना वॉर्डात पाठवण्याआधी वर्गात बसवून शिकवण्याची पद्धत सुरू केली. आम्ही ज्याला पीटीएस म्हणायचो, नवी कोरी गणवेशाची टोपी सांभाळत शरीररचना पाठ करण्याचे ते पहिले महिने, त्यांचं मूळ तिथे आहे.

मॅकएवेनच्या त्या ऑपरेशननंतरच्या दशकात, १८८० नंतर, रोममध्ये फ्रांचेस्को दुरांते यानं पस्तिशीतल्या एका बाईची गाठ काढली. तिचा वास गेला होता, स्मरणशक्ती गेली होती आणि एक डोळा जागेवरून सरकला होता. नाकाच्या छतावर, वासाच्या नसांच्या खोबणीत बसलेली गाठ. छिन्नी-हातोडीनं काम तासाभरात झालं आणि बाई बरी झाली. पुढे काही वर्षांनी गाठ पुन्हा आली, पुन्हा ऑपरेशन झालं, आणि त्यातूनही ती निभावली.

दुरांतेच्या त्या बाईबद्दल वाचताना मला सातारा भागातल्या एक काकू आठवल्या. पुरावा म्हणून त्यांच्या सुनेनं एकच गोष्ट सांगितली होती. "आत्याबाई चुलीपुढेच बसलेल्या असतात आणि फोडणी करपून काळी होते, तरी त्यांना पत्ता नसतो." त्याआधी दोन वर्षं घरात सगळे म्हणत होते की त्या आळशी झाल्या, बोलेनाशा झाल्या, मन लागत नाही. चष्म्याचा नंबर बदलून झाला. देवऋषी झाला. फोडणीची गोष्ट मात्र कुठल्याच डॉक्टरला कुणी सांगितली नव्हती, कारण ती आजाराची गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नाही. ओपीडीतल्या आमच्या निवासी डॉक्टरनं ती ऐकली, एका नाकपुडीला कॉफीची पूड लावली, मग दुसरीला. काकूंना काहीच कळलं नाही. डोळ्यांत पाहिलं तर एका डोळ्याची नस पांढरी पडलेली, दुसऱ्याची सुजलेली. फॉस्टर केनेडीनं १९११ मध्ये न्यूयॉर्कमधून ही खूण लिहून ठेवली आहे: गाठीच्या बाजूची नस दबून सुकते, आणि डोक्यातला दाब वाढल्यानं पलीकडची सुजते. कुठल्याही यंत्राआधी तिथेच निदान झालं.

ही गाठ पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे दुप्पट आढळते. बाईचं डोकं दुखणं, गप्प राहणं, विसरणं हे घरात किती उशिरा मनावर घेतलं जातं ते मी आयुष्यभर पाहिलं. पायातून सुरू होणारी फिट असली तर नाकाला कांदा लावायचा, चप्पल हुंगवायची. झटका आपोआप थांबायचा आणि श्रेय कांद्याला जायचं. असे वर्षानुवर्षं कांदे हुंगून आलेले रुग्ण आम्ही टेबलावर घेतले आहेत. मला त्याचा राग यायचा आणि अजून येतो.

पुन्हा इतिहासाकडे. १८८७ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियात विल्यम कीन यानं सव्वीस वर्षांच्या एका गाडी बनवणाऱ्या कारागिराची गाठ काढली. त्याला फिट येत, बोलताना शब्द सापडत नसत, नजर गेली होती. या हकिगतीत मला सगळ्यांत आवडतं ते आदल्या दिवसाचं वर्णन. खोलीतला गालिचा काढला, भिंती आणि छत पुसून घेतलं, लाकूडकाम कार्बोलिकनं घासलं. दर शनिवारी ओटी धुवून काढताना आमच्या मावशी आणि मामा जे करायचे, तेच. तो कारागीर पुढे तीस वर्षांहून जास्त जगला.

ऑपरेशनची तयारी म्हटली की डोकं भादरणं आलं, आणि आपल्याकडे हा विषय कधीच साधा नव्हता. माझ्या सुरुवातीच्या काळात रुग्णालयाचा स्वतंत्र न्हावी असायचा. तो वस्तरा घेऊन वॉर्डात आला की म्हाताऱ्या बायका रडायला लागायच्या. ऑपरेशनच्या भीतीनं नव्हे. नवरा जिवंत असताना सवाष्णीच्या डोक्याला वस्तरा लागायचा, हे त्यांना सोसवत नसे. त्यांच्या आज्या, आत्या केशवपन होऊन कोपऱ्यात बसलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हावी मंडळींनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार केला होता. कीन आणि दुरांते गाठी काढत होते त्याच काळात. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. आधी माहीत असतं तर त्या बायकांना नक्की सांगितलं असतं. मग आम्ही आमचाच एक रिवाज पाडला. भादरण्याआधी मी नवऱ्याला पलंगाशी उभं करायची, बाईच्या कपाळाला कुंकू लावायला सांगायची आणि काढलेले केस कागदात बांधून तिच्याच उशाशी ठेवायची. आता चिरा द्यायचा तेवढीच पट्टी काढतात, बाकीचे केस राहतात.

आता रक्ताबद्दल. एकोणिसाव्या शतकातले हे वाचलेले रुग्ण मोजके आहेत. त्यांच्या मागे न वाचलेल्यांची रांग आहे. कवटीचं हाड चिरलं की त्याच्या पोकळ थरातून रक्त झिरपत राहतं. तिथे टाका घालता येत नाही, चिमटा लावता येत नाही. लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्लीनं १८९२ मध्ये त्यावर मेण काढलं. मधमाशांचं मेण, बदामाचं तेल आणि थोडं सॅलिसिलिक अॅसिड. हाडाच्या कडेवर बोटानं दाबून बसवलं की झिरपणं बंद. शंभर वर्षांनंतरही आमच्या ट्रॉलीवर बोन वॅक्सचं पाकीट असायचंच. थंडीत ते कडक व्हायचं, मग सरांनी मागण्याआधीच मी ग्लोव्ह घातलेल्या बोटांत मळून त्याच्या बारीक गोळ्या करून ठेवायची. हाडाची खिडकी कापायला जिगलीची तार-करवत. तो जिगली फ्लॉरेन्सचा, आणि गंमत म्हणजे प्रसूतितज्ज्ञ. अडलेल्या बाळंतिणीच्या कटीच्या हाडासाठी त्यानं ती बनवली आणि ती डोक्यावर जाऊन बसली. दोन छिद्रांमधून तार ओवून दोन्ही हातांनी मागेपुढे ओढायची, मी वरून सलाइनची धार धरायची. हाडाचा भुगा आणि तो वास अजून नाकात आहे.

पण या सगळ्याला शिस्त लावली ती हार्वी कुशिंग या अमेरिकन सर्जननं. आधी बाल्टिमोर, मग बोस्टन. सावकाश, हलक्या हातानं, एकेक रक्तवाहिनी बंद करत पुढे जायचं, ही त्याची रीत. इटलीतल्या पाविया इथे पाहिलेलं रक्तदाब मोजण्याचं उपकरण त्यानं १९०१ मध्ये अमेरिकेत नेलं आणि ऑपरेशन चालू असताना रुग्णाचा दाब लिहून ठेवायची सवय लावली. जिथे दोऱ्यानं बांधता येत नाही तिथे बसवायला त्यानं १९११ मध्ये चांदीच्या तारेच्या चिमुकल्या क्लिपा केल्या. आणि रक्त फार गेलं, दाब घसरला, तर गाठ तशीच ठेवून कातडी शिवायची आणि काही दिवसांनी पुन्हा उघडायचं, हे त्याला जमलं. अर्ध्यावर थांबण्याचं हे धैर्य मला त्याच्या कौशल्याइतकंच मोठं वाटतं. मी हाताखाली काम केलेल्या सर्जनांमध्ये सगळ्यांत चांगले जे होते, त्यांच्यात ते होतं.

कुशिंगचं नाव या गाठीशी कायमचं जोडलं गेलं ते लेनर्ड वुड या रुग्णामुळे. अमेरिकन सेनाधिकारी. १८९८ मध्ये क्यूबात असताना टेबलावरून उठताना त्याचं डोकं झुंबरावर आपटलं. पुढे त्याच्या डाव्या पायात झटके आणि अशक्तपणा सुरू झाला. गाठ कवटीच्या माथ्याशी, उजव्या बाजूला, मेंदूतला पायाचा भाग दाबत होती. १९१० मध्ये कुशिंगनं ती दोन टप्प्यांत काढली. वुड बरा होऊन अमेरिकन सैन्याचा प्रमुख झाला, १९२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत उतरला, मग फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरल झाला. गाठ परत वाढत होती. तो कामापायी पुढे ढकलत राहिला. १९२७ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनला पुन्हा ऑपरेशन झालं, आणि काही तासांत डोक्यात रक्तस्राव होऊन तो गेला. सतरा वर्षं दिलेल्या रुग्णाचा हा शेवट कुशिंगच्या मनाला फार लागला.

त्या ऑपरेशनच्या आदल्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९२६ ला, कुशिंगच्या थिएटरात विल्यम बोव्ही या भौतिकशास्त्रज्ञाचं, रक्तवाहिन्या जाळून बंद करणारं विजेचं यंत्र आलं होतं. काही दिवस आधी रक्त आवरेना म्हणून अर्धवट सोडलेली कवटीवरची एक गाठ त्या दिवशी त्या यंत्रानं निघाली. मग कुशिंगनं पूर्वी 'काढणं शक्य नाही' म्हणून परत पाठवलेल्या रुग्णांना बोलावून घेतलं आणि एकेकाच्या गाठी काढल्या. जगभरच्या ओटीत कॉटरीला आजही 'बोव्ही' म्हणणारे लोक आहेत. ती सुरू केली की जळक्या मांसाचा वास ओटीभर पसरतो. नव्या नर्सेसना मळमळतं, आणि मी त्यांना सांगायची, या वासाआधी माणसं रक्त जाऊन मरत होती.

कुशिंगच्या थिएटरातली माझी आवडती व्यक्ती वेगळीच आहे. लुईस आयझेनहार्ट. ती त्याच्याकडे संपादनात मदत करायला म्हणून लागली. मग जाऊन डॉक्टर झाली आणि पॅथॉलॉजिस्ट म्हणून परतली. ऑपरेशन चालू असताना गाठीचा तुकडा रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ही कसली गाठ ते तिथल्या तिथे सांगायची. कुठली गाठ काढताना किती रुग्ण दगावले याची बारीक नोंद तिच्या छोट्या काळ्या वहीत असायची. ३१३ रुग्णांचा हिशेब असलेला मेनिंजिओमावरचा जाडजूड ग्रंथ १९३८ मध्ये आला, त्यावर कुशिंगबरोबर तिचं नाव आहे. 'मेनिंजिओमा' हा शब्द कुशिंगनं १९२२ मध्ये दिला हे सगळे सांगतात. मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या बाईचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी घेते.

आमच्या ओटीत नोंद ठेवायची ती पॅटींची. पॅटी म्हणजे कापसाची चपटी ओली पट्टी, तिच्या शेपटीला काळा दोरा. गाठ आणि मेंदू यांच्या मधल्या फटीत एकेक पॅटी सारत जायचं. ती मेंदूला झाकते, रक्त शोषते आणि फट उघडी ठेवते. पॅटीवरच सक्शन धरायचं, उघड्या मेंदूवर कधीच नाही. तयार पॅटी महाग पडायच्या, म्हणून दुपारी केस नसली की आम्ही त्या हातानं करायचो: अर्धा इंच, पाव इंच, त्याहून बारीक अशा पट्ट्या कापायच्या, दोरा ओवायचा, गाठ मारायची, दहा-दहाचे गठ्ठे करून ऑटोक्लेव्हला लावायचे. मोठ्या मेनिंजिओमात एका वेळी चाळीस-पन्नास पॅटी आत असायच्या. बाहेर काळ्या दोऱ्यांचा झुबका, आणि आत रक्तानं माखलेली पट्टी मेंदूच्याच रंगाची झालेली. गाठ निघाली की सर थांबायचे आणि विचारायचे, "सिस्टर, काउंट?" फ्लोअर नर्स आणि मी दोघी मोठ्यानं मोजायचो. आकडा जुळल्याशिवाय ड्युरा शिवायचा नाही, मग भूल देणारे डॉक्टर कितीही घाई करोत.

पण कवटी उघडायची कुठे, हे आधी कळायला हवं. मी रुजू झाले तेव्हा आमच्याकडे सीटी नव्हता. कवटीचा साधा एक्स-रे काढायचा. मेनिंजिओमाला लागून असलेलं हाड पुष्कळदा जाड होतं, आणि ड्युराच्या धमनीची हाडातली खोबण रुंद झालेली दिसते. अनुभवी डोळ्याला तेवढं पुरायचं. नाही पुरलं तर एअर स्टडी. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीनं १९१८ मध्ये मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढला आणि पुढच्या वर्षी कंबरेतून हवा सोडण्याची रीत काढली. पोकळी दबलेली किंवा सरकलेली दिसली की गाठ कुठे आहे ते उलट बाजूनं कळतं. कागदावर हुशार, रुग्णाला फार क्रूर. बसवून कंबरेत सुई घालायची, थोडं पाणी काढायचं, थोडी हवा सोडायची, पुन्हा थोडं पाणी, थोडी हवा. हवा वर चढली की डोकं फुटल्यासारखं दुखायचं, उलट्या सुरू व्हायच्या, आणि त्या अवस्थेत आम्ही त्या माणसाला या कुशीवरून त्या कुशीवर, पालथं, उताणं करत फोटो काढायचो. एका हातात किडनी ट्रे, दुसऱ्या हातात त्याचा हात. पुढचे दोन दिवस तो अंधारात डोळे मिटून पडलेला. आतला दाब आधीच वाढलेला असेल तर कंबरेतून हे करणं जिवावरचं; मग कवटीला छिद्र पाडून हवा सोडायची आणि लगेच ऑपरेशनला घ्यायचं.

अँजिओ त्या मानानं सुसह्य. लिस्बनच्या एगाश मोनिशनं १९२७ मध्ये तो शोधला. मानेतल्या धमनीत थेट सुई, हातानं दाबून डाय, आणि भराभर फिल्मा ओढायच्या. मेनिंजिओमा डायनं भरून निघतो, लवकर दिसतो आणि उशिरापर्यंत दिसत राहतो. लवकर येते नि उशिरा जाते म्हणून इंग्रजी पुस्तकांत या खुणेला सासूचं नाव दिलं आहे. मला ते कधीच आवडलं नाही. टेबलावर बहुतेक वेळा कुणाची तरी सासूच झोपलेली असायची, आणि बाहेर तिची सून रडत बसलेली.

हे सगळं एका यंत्रानं संपवलं. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळच्या विंबल्डनला, अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनरखाली पहिला रुग्ण गेला. कपाळामागच्या भागात गाठ असल्याचा संशय असलेली एक बाई. हाउन्सफील्ड ईएमआय या ग्रामोफोन रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर. त्या पहिल्या यंत्रात डोकं रबरी टोपीत घालून पाण्याच्या पेटीत ठेवावं लागे आणि चित्र ८० गुणिले ८० चौकटींचं, भरड. पण गाठ चित्रात दिसत होती, आणि तिच्यासाठी कुणाला ओकावं लागलं नव्हतं. १९७९ चं नोबेल त्याला अॅलन कॉर्मॅकबरोबर मिळालं. आमच्या विभागात एअर स्टडीची खुर्ची अडगळीत गेली त्या दिवशी मी देवाला नारळ फोडला होता.

भारतात हे शास्त्र उभं राहिलं ते स्वातंत्र्यानंतर. १९४९ मध्ये वेल्लोरला जेकब चँडी, १९५० मध्ये मद्रासला बी. राममूर्ती, आणि त्याच दशकात मुंबईत राम गिंडे आणि होमी दस्तूर. आमच्या जुन्या मेट्रनबाई त्या पिढीबद्दल सांगायच्या: पहाटे सुरू झालेली केस रात्री संपायची, मधे चहासुद्धा नाही. तेव्हा रुग्ण यायचे तेच बहुतेक आंधळे होऊन किंवा अर्धवट बेशुद्धीत. १९६१ नंतर एक मोठा फरक पडला. अमेरिकेत मिनेसोटामध्ये गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी दाखवून दिलं की डेक्सामेथासोननं गाठीभोवतीची सूज उतरते. आमच्या वॉर्डात डेक्सा, मॅनिटॉल, इप्टॉइन ही तीन औषधांची नावं दिवसभर घुमायची. रात्री आलेला, हाक मारली तरी डोळे न उघडणारा माणूस डेक्सावर दोन दिवसांत उठून पोहे मागताना मी पाहिला आहे. गाठ तिथेच असायची, पण ऑपरेशन शांतपणे, दिवसा, रक्ताची सोय करून करता यायचं.

मायक्रोस्कोप आला, बायपोलर कॉटरी आली, पायातून नळी घालून गाठीच्या धमन्या आधीच बंद करता येऊ लागल्या. मी निवृत्त व्हायच्या सुमाराला तर काही मेनिंजिओमा एक बाटलीही न लागता निघत होते. लेक्सेल या स्वीडिश सर्जनच्या किरणांच्या गॅमा नाइफनं, जो १९६८ मध्ये स्टॉकहोमला पहिल्यांदा वापरला गेला, लहान आणि अवघड जागच्या गाठींची वाढ कवटी न उघडताच रोखता येते.

तरीही गाठ गेली म्हणजे विषय संपला असं नसतं. डोनल्ड सिंप्सन यानं १९५७ मध्ये हिशेब मांडला. गाठ, तिचं ड्युरातलं मूळ आणि खराब हाड सगळं काढलं तर शंभरातल्या नऊ जणांना ती परत होते. मूळ कापून न काढता नुसतं जाळलं तर एकोणीस जणांना. वर्गवारी तीच अजून चालते. म्हणून डिस्चार्ज देताना मी प्रत्येकाला सांगायची, हा कागद प्लास्टिकमध्ये घाला, देवघरात ठेवा, हरवू नका. मूळ काढलं की जाळलं, त्यावर लिहिलेलं असतं. वीस वर्षांनी फिट आली तर नवीन डॉक्टर पहिलं तेच विचारणार.

काही गाठींना हात न लावणंच बरं, हेही आता कळलं आहे. खुद्द कुशिंग १९३९ मध्ये गेला तेव्हा शवविच्छेदनात त्याच्याच मेंदूत एक कोलॉइड सिस्ट सापडली. मेनिंजिओमा नव्हे, पण साधीच गाठ. अशा गाठी आज जिवंतपणीच सापडतात. कुणी स्कूटरवरून पडतं, सीटी काढतात आणि आत दीड-दोन सेंटिमीटरचा मेनिंजिओमा निघतो, ज्यानं कधी काही त्रास दिलेला नसतो. असे रिपोर्ट घेऊन सोसायटीतले लोक माझ्याकडे येतात, घाबरलेले. सूज नाही, फिट नाही, नजर ठीक आहे, तर बहुतेक डॉक्टर सहा महिन्यांनी आणि मग वर्षा-दोन वर्षांनी एमआरआय सांगतात. वाढली तर पुढचं. मी तोच सल्ला पुन्हा समजावून सांगते, आणि पुढच्या एमआरआयची तारीख त्यांच्यासमोरच माझ्या डायरीत लिहून ठेवते, कारण ठीक वाटायला लागलं की लोक तारीख विसरतात.